चार बोटांची नळी

मास्तर गेले ते नेमके बटाटा काढणीच्या तोंडावर, त्यामुळे त्यांची आठवण काढायला कुणाला सवड नव्हती.

पाऊस आधीच दगा देऊन गेला होता. जमीन भाजल्या विटेसारखी झाली होती, आणि रोज थोडी थोडी आवळत चालली होती. आठ दिवस उशीर केला असता तर फाळ वाकला असता आणि बटाटा जमिनीतच राहिला असता. म्हणून मास्तरांना पोचवून लोक घरी आले, आंघोळी केल्या आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच वावरात हजर झाले. शोकसभा काढणी संपल्यावर घ्यायची असं ठरलं. म्हणजे एकोणीस दिवसांनी. मास्तर असते तर तेही हेच म्हणाले असते, असं सगळ्यांचं मत पडलं. मास्तर काय म्हणाले असते हे छातीठोक सांगणाऱ्यांची संख्या त्या आठवड्यात एकदम वाढली होती.

मास्तरांची थोरली मुलगी या संख्येवर लक्ष ठेवून होती. तिला सगळे थोरलीच म्हणत. वय एकेचाळीस, हात पुरुषासारखे रुंद, आणि कान असे की पलीकडच्या वावरात कोण कुणाबद्दल बोलतंय ते वरंब्यावर उकिडवी बसूनही तिला कळायचं. पुढे तिचा नवरा ट्रॅक्टरने वरंबा फोडत जायचा आणि मागे बाकीचे टोपल्या घेऊन वेचत यायचे. धुळीने सगळ्यांचे ओठ फुटले होते. वेचणाऱ्यांत निम्मे लोक मास्तरांच्या बाजातले, म्हणजे गावच्या बँडमधले होते, आणि फुटल्या ओठांचं माणूस वाजवू शकत नाही, ते बोलतं.

"मला म्हणाले होते," गवंडी म्हणाला, "तुझ्यासारखी फुंक अख्ख्या बाजात कुणाची नाही." गवंडी ट्रंपेट वाजवायचा आणि मधल्या काळात भिंती बांधायचा.

पेट्रोलपंपावर काम करणारा म्हणाला, "मला तर म्हणाले होते, माझ्या मागे तूच."

थोरलीने बटाटा टोपलीत टाकला आणि मनातल्या मनात एक वाढवला. चौथ्या दिवसापर्यंत मास्तरांचे सर्वांत लाडके शिष्य सात झाले होते. त्यांतल्या दोघांना मास्तरांनी कान धरून बाजाच्या खोलीबाहेर काढलं होतं. थोरली तेव्हा दारातच पितळ घासत बसलेली होती. पण तिने कुणाचं खोटं पाडलं नाही. गेलेल्या माणसाच्या तोंडून चार बऱ्या शब्दांची सोय होत असेल तर होऊ द्यावी, असा तिचा हिशेब होता.

तिचा स्वतःचा हिशेब वेगळा होता. गेली सहा वर्षं मास्तरांच्या छातीत दम उरला नव्हता. ते खुर्चीत बसायचे आणि थोरली शिकवायची. नव्या माणसाच्या हातात वाद्य देणं, ओठ कसे आवळायचे, पोटातून श्वास कसा उचलायचा, सगळं ती करायची, आणि मास्तर मान हलवायचे. सहा वर्षांत पाच नवे जण तिच्या हाताखालून गेले. त्याला सगळे 'मदत' म्हणायचे. मास्तरसुद्धा. तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नव्हतं; खुर्चीत माणूस होता. आता खुर्ची रिकामी होती आणि खोलीची किल्ली तिच्या कंबरेला होती, आणि ती कुणालाही द्यायचा तिचा विचार नव्हता.

दहाव्या दिवशी काका तिच्या ओळीला आला. काका म्हणजे मास्तरांचा धाकटा भाऊ, बासष्टीचा, बाजातला पहिला कॉर्नेट, म्हणजे त्या आखूड ट्रंपेटसारख्या वाद्याचा मुख्य वादक. दाभणाने पोत्याचं तोंड शिवत शिवत त्याने विषय काढला.

"अगं पोरी, तुला सांगायचं राहिलंच. रविवारी शहरातले बँडमास्तर येतायत, पाच जण घेऊन. शोकसभेला त्यांनी आणि आपण मिळून वाजवायचं. सराव करून घेऊ."

"बरं."

"आणि त्यांना विचारलंय, पुढे दर रविवारी येऊन शिकवाल का म्हणून. बहुतेक हो म्हणतील."

"नव्याने येणाऱ्यांना कोण शिकवणार?"

"तेच बघतील की. तू आहेसच मदतीला. खोली उघडायची, पितळ चकचकीत ठेवायचं. ते काम तुझ्याइतकं कुणाला जमत नाही."

थोरलीच्या हातात लिंबाएवढा बटाटा होता. तिने त्याची माती अंगठ्याने पुसली, गरजेपेक्षा जास्त वेळ पुसली.

"जमतं मला," ती म्हणाली.

काकाने ते कबुली म्हणून घेतलं आणि पुढचं पोतं ओढलं.

एक गोष्ट काकाला माहीत नव्हती, आणि थोरलीला होती. मास्तरांचा बाजा एकतीस वर्षांत दुसऱ्या कुठल्याही बाजाबरोबर का वाजला नव्हता, ही. आमंत्रणं आली नाहीत असं नाही. एकदा मास्तरांनी सांगितलं, आमचे लोक कामात आहेत. एकदा सांगितलं, गर्दीत सूर हरवतो. एकदा तर यजमान बैलगाडी घेऊन दारात उभा राहिला तेव्हा मास्तर तापाने आजारी पडले आणि गाडी वळल्यावर बरे झाले. लोक म्हणायचे, काय बाणेदार माणूस. थोरलीला पंधराव्या वर्षी कारण कळलं होतं. मास्तर वाजवायचे त्या युफोनियमच्या, म्हणजे त्या मोठ्या, जाड आवाजाच्या पितळी वाद्याच्या, पाठीमागे एका नळीला वेगळ्या रंगाचं पितळ होतं, आणि ती नळी होती जुन्या फवारणी पंपाची.

* * *

रविवारी अर्धा दिवस काढणी करून लोक दुपारी खोलीत आले. खोली लांबट, पत्र्याची. भिंतीला खुंट्या, खाली बाकं. नखांत माती, मानेवर धुळीच्या रेषा, अंगात मात्र स्वच्छ सदरे. शहरातले बँडमास्तर बारीक, टापटीप, नम्र माणूस होते. त्यांचे पाच वादक चकचकीत पेट्या उघडून बसले. त्यांतला एक मास्तरांच्या जागी युफोनियम वाजवणार होता. मास्तरांचा युफोनियम कापड घालून कोपऱ्यात ठेवला होता, त्याला कुणी हात लावायचा नाही असं काकाने बजावलं होतं.

बँडमास्तरांनी हात उचलला. सगळ्यांनी पहिला सूर धरला.

तो आवाज ऐकून बाहेर ट्रॅक्टरवर बसलेल्या थोरलीच्या नवऱ्यानेसुद्धा मान वर केली, आणि त्याला संगीतातलं काहीही कळत नव्हतं.

बँडमास्तरांनी हात खाली घेतला. "सूर मिळवून घेऊया," ते म्हणाले. "आपण जरा नळ्या आत घ्या."

पितळी वाद्याला पुढे एक वळलेली नळी असते, आत-बाहेर सरकणारी. बाहेर ओढली की सूर उतरतो, आत ढकलली की चढतो. शहरवाल्यांच्या नळ्या लोण्यासारख्या सरकत होत्या. इकडे अकरा जण नुसते बसून राहिले.

"घ्या ना आत," बँडमास्तर म्हणाले.

"आमच्या हलत नसतात," गवंडी म्हणाला. हे त्याने जरा अभिमानानेच सांगितलं. "मास्तरांनी एकदा लावून दिल्या, त्या दिल्या. एकतीस वर्षं झाली."

बँडमास्तर उठले, काकाच्या कॉर्नेटजवळ गेले, वाकून बघितलं. नळी बोटभर बाहेर होती आणि सांध्यात हिरवा गंज दगडासारखा बसला होता. पुढचा ट्रंपेट बघितला. बोटभर. मग ट्रॉम्बोन, मग बाकीचे. सगळ्यांच्या नळ्या बाहेर आणि सगळ्या चिकटलेल्या. त्यांनी मोबाईल काढला, त्यावर सूर मोजायचा काटा लावला आणि काकाला फुंकायला सांगितलं. काटा डावीकडे पडला आणि पडूनच राहिला.

"तुमचा अख्खा बाजा उतरलेला आहे," बँडमास्तर हळू आवाजात म्हणाले. डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात तसं.

"तुमचा चढलेला असेल," काका म्हणाला.

"काका, हा काटा जगभर सारखाच असतो."

"आमच्याकडे दादाचा कान होता. काट्याची गरज पडली नाही."

बँडमास्तरांनी रुमालाने कपाळ पुसलं. "हे माझं काम नाही," ते म्हणाले. "याला कारागीर लागतो. सगळं गाडीत घालून शहरात पाठवा, दोन महिन्यांत होईल. गुरुवारी शोकसभेत मात्र आपण वेगवेगळं वाजवू. आणि रविवारचं म्हणाल तर, असल्या बाजावर मी शिकवणार तरी काय? राग मानू नका."

राग सगळ्यांना आला होता, आणि तो काढायला जागा नव्हती.

"मी काढते," थोरली दाराशी उभी राहून म्हणाली. "गुरुवारपर्यंत अकराच्या अकरा नळ्या मोकळ्या करून देते."

"कुणी हात लावायचा नाही," काका म्हणाला. "दादाने लावलेला सूर आहे तो."

"तो सूर नव्हता काका. ती चूक होती. बाबांच्या युफोनियमची मागची नळी चार बोटं लांब आहे. त्यामुळे त्यांचा सूर उतरला आणि त्यांनी सगळ्यांचा उतरवला."

हे बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण हे भरल्या खोलीत, पाहुण्यांसमोर बोललो. गवंडी छताकडे बघू लागला. बँडमास्तर पेटी बंद करू लागले, फार सावकाश, बाहेर पडण्याआधी पुढचं ऐकायला मिळावं इतक्या सावकाश.

"बापाला पोचवून पंधरा दिवस नाही झाले," काका म्हणाला, आणि कॉर्नेट काखेत मारून बाहेर पडला.

* * *

तो बाहेर पडला तो थेट वहिनींकडे. थोरली घरी पोचली तेव्हा आई ओट्यावर कुणाच्या तरी सदऱ्याला काजं करत बसली होती आणि काका समोर उभा होता. आईने आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले. बाजाचे गणवेशही तिनेच शिवलेले, त्यामुळे बाजातल्या प्रत्येकाचं पोट कोणत्या वर्षी किती वाढलं हे तिला तोंडपाठ होतं.

"वहिनी, हिला समजवा. परक्या माणसांपुढे दादाची मापं काढते."

"माप मीच काढलं होतं," आई म्हणाली.

"कसलं?"

"नळीचं. युफोनियम ट्रॉलीच्या चाकाखाली आला, मागची नळी चेपली, आठवतं ना? त्यांनी पंपाची नळी आणली आणि इथेच बसून झाळ देऊन जोडली. मी सांडशी धरून बसले होते. म्हटलं, जुन्या तुकड्यापेक्षा ही चार बोटं लांब आहे, आधी कापा. तर म्हणाले, तू कापड काप."

काकाने ओट्याच्या कडेवर बूड टेकलं.

"झाळून झाली, वाजवून बघितली, आणि तोंड उतरलं त्यांचं. समजलं होतं लगेच. कान होता ना."

"मग परत सोडवून कापायची."

"कशी कापतील? मी आधी सांगितलं होतं ना." आईने दोरा दाताने तोडला. "दुसऱ्या दिवशी सगळ्यांना नळ्या ओढायला लावल्या. तुम्हालाही. तुम्ही घरी येऊन म्हणालात, वहिनी, काय भारदस्त सूर लागलाय आता."

"म्हणालो होतो," काका म्हणाला. मग त्याला राग धरायला दुसरं टोक सापडलं. "आणि तुम्ही एकतीस वर्षं गप्प बसलात?"

"विचारलंत कधी? बायकांना नवऱ्याचं काय काय झाकावं लागतं भावजी. माझ्या वाट्याला चार बोटं आली. मी सुखी निघाले."

थोरली उंबऱ्यात उभी होती. तिला हसू येत होतं. चार वर्षांपूर्वी तिने बाबांना मोबाईलवरचा काटा दाखवला होता. त्यांनी बराच वेळ त्याच्याकडे बघितलं होतं आणि म्हणाले होते, "तुझा मोबाईल बिघडलाय." मग तिच्या हातात झाळकामाची पेटी दिली होती, कायमची. तेव्हा तिला वाटलं होतं, विषय बदलला.

काका उठला. "मी कॉर्नेट देणार नाही," तो म्हणाला. "बाकीच्यांनी काय करायचं ते करा."

* * *

सोमवारी दुपारच्या सुट्टीत थोरलीने वावराच्या कडेला ताडपत्री बांधली. रॉकेलचा डबा, ज्योत फेकणारा छोटा ब्लोलँप, लाकडी हातोडी आणि कापडाचा जाड पट्टा मांडून बसली. आणि वाट बघू लागली. वावरातून कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. इतकं कुणी बघत नव्हतं की सगळ्यांचं लक्ष इकडेच आहे हे कळत होतं.

पहिला गवंडी आला, ट्रंपेट पोत्यात गुंडाळून.

"ताई, काकांना सांगू नका."

मग पंपवाला आला. "काकांना बोलू नका काही." संध्याकाळपर्यंत सात जण आले, एकेकटे, वेगवेगळ्या वाटांनी, आणि सातही जणांनी तेच सांगितलं. हे तेच सात लाडके शिष्य होते. थोरलीने पोती एका रांगेत ठेवली.

कामाची रीत अशी. सांध्यात रॉकेल सोडायचं आणि तासभर मुरू द्यायचं. मग ज्योत फिरवायची, एका जागी टिकू द्यायची नाही, नाहीतर जुनी झाळ वितळून अख्खं वाद्य हातात सुटं होतं. वळलेल्या नळीतून पट्टा ओवायचा, वाद्य गुडघ्यांत दाबायचं, आणि झटका. खेच नाही, झटका. पितळ आधी कण्हतं. मग गंजाचा हिरवा भुगा उडतो, आणि नळी एकदम बाहेर येते तेव्हा माणूस मागे उताणा पडतो. पहिल्या दिवशी थोरली तीनदा पडली. नवरा पाण्याची बाटली घेऊन आला, तिला उठवलं आणि म्हणाला, "यापेक्षा बटाटे बरे. ते उलटून झटका देत नाहीत."

मंगळवारी गवंड्याच्या ट्रंपेटने दगा दिला. चौथ्या झटक्याला नळी निघाली, पण बाहेरच्या नळीला केसाएवढी चीर पाडून. गवंडी शेजारीच उभा होता. त्याचं तोंड पडलं.

"गेला?" त्याने विचारलं.

"बसा," थोरली म्हणाली. "भिंतीला तडा गेला तर तुम्ही घर सोडून पळता का?"

तिने पितळाची पातळ पट्टी कापली, चिरेभोवती गुंडाळली, झाळ सोडली. अंगठ्याला चटका बसला, फोड आला. दुसऱ्या दिवशी त्याच अंगठ्याने बटाटे वेचताना फोड फुटला आणि त्यात माती गेली. पण ट्रंपेट वाजला. नळी सरकत होती. गवंड्याने ती चार वेळा आत-बाहेर केली, लहान मुलासारखी, आणि नंतर पट्टीवरून बोट फिरवून म्हणाला, "गिलावा चांगला झालाय." गवंड्याकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

बुधवारी दुपारपर्यंत दहा झाल्या. तीन वाजता काका आला, उघडपणे, मधल्या वाटेने, कॉर्नेट हातात धरून. त्याच्यामागून आई येत होती.

काका ताडपत्रीखाली बसला. त्याने कॉर्नेट पुढे केला नाही.

"आधी दादाचा युफोनियम कर," तो म्हणाला. "चूक तिथे आहे ना? मग तिथून सुरुवात कर. माझ्यासमोर कर."

थोरलीने युफोनियम आणला. सांध्यांवर ज्योत फिरवली, पंपाची नळी सुटी झाली आणि तिच्या हातात आली. वडिलांची झाळ होती, जाड, घाईची. रागाच्या भरात केलेलं काम लगेच ओळखू येतं.

"धर," आई म्हणाली. तिने नळीवर चार बोटं ठेवली, मग उचलली. "माझी बोटं आता सुकलीत. तुझी ठेव. तेव्हा माझी अशीच होती."

थोरलीने स्वतःची चार बोटं ठेवली. आईने कडेला खडूने रेघ मारली. करवतीचं पातं पितळावर टेकवून थोरली थांबली. वाऱ्याने ताडपत्री फडफडत होती. दूर ट्रॅक्टर शेवटच्या दोन ओळी फोडत होता. वडिलांना आपण एवढं जवळून पुन्हा कधी हात लावणार नाही, असं तिला वाटलं, आणि मग तिने कापलं.

तुकडा खाली पडला. आईने उचलला, फुंकून साफ केला आणि पदराला पुसला. "सुया ठेवायला होईल," ती म्हणाली.

परत झाळून, थंड होऊ देऊन, थोरलीने युफोनियम स्वतः फुंकला. मोबाईलवरचा काटा थरथरला आणि मधोमध उभा राहिला. काकाने वाकून बघितलं, मग मोबाईल हातात घेऊन पुन्हा बघितलं. त्याने तिला दुसऱ्यांदा फुंकायला लावलं. काटा हलला नाही. मग त्याने आपला कॉर्नेट तिच्या मांडीवर ठेवला आणि पाणी प्यायला निघून गेला. ती झटका देताना त्याला बघवलं नसतं.

* * *

शोकसभा गुरुवारी झाली, माल बाजाराला गेल्यावर रिकाम्या पडलेल्या बटाट्याच्या गोदामात. टेबलावर मास्तरांचा फोटो होता. त्यात ते छायाचित्रकारावर संतापलेले दिसत होते, म्हणजे फोटो अगदी हुबेहूब आला होता.

भाषणं झाली. सातही लाडके शिष्य बोलले. प्रत्येकाला मास्तरांनी सांगितलं होतं की माझ्या मागे तूच. चौथ्याच्या वेळी लोक एकमेकांकडे बघू लागले, सहाव्याच्या वेळी मागे कुणीतरी खुसखुसलं, आणि सातवा हुशार होता, तो म्हणाला, "मलासुद्धा." मग सगळेच हसले. त्या हसण्यात मास्तर त्या दिवशी पहिल्यांदा गोदामात आल्यासारखे वाटले. सातही जणांना वेगवेगळं गाठून तेच वाक्य सांगायचं, आणि सातही जणांनी जीव तोडून सराव करायचा, हे त्यांच्याशिवाय कुणाला सुचलं नसतं.

काका शेवटी उठला. घसा साफ केला. "दादाबद्दल या चार दिवसांत आम्हाला एक गोष्ट कळली," तो म्हणाला आणि थांबला. बाजातल्या बाकीच्या दहाही जणांनी श्वास धरला. "ती अशी, की दादाने थोरलीला काम नीट शिकवलं होतं." एवढं बोलून तो बसला.

मग दोन्ही बाजे मिळून वाजले. सतरा माणसं होती, आणि एक सूर लागला. गोदामाच्या पत्र्याला तो भिडला आणि परत आला, तेव्हा लोकांच्या अंगावर काटा उभा राहिला. मास्तरांचा युफोनियम आता पंपवाला वाजवत होता. त्याच्या खालच्या सुरावर बाकीचे सगळे भिंतीसारखे उभे होते. थोरली दाराशी उभी राहून ऐकत होती, सूर न् सूर. आणि शेवटच्या लांब सुराला तिला ऐकू आलं. काकाचा कॉर्नेट खाली घसरत होता. नळी आत गेली होती, पण ओठांना एकतीस वर्षांची सवय होती. दमले की ते जुन्या जागी निघत, दावणीला जाणाऱ्या गुरांसारखे. मग गवंडी घसरला. मग ट्रॉम्बोन. लोकांना कळलं नाही. बँडमास्तरांना कळलं, त्यांनी थोरलीकडे बघितलं. आणि काकालाही कळलं होतं, कारण वाजवून झाल्यावर तो टाळ्यांकडे न बघता कॉर्नेटकडे बघत होता.

बँडमास्तर उठून म्हणाले की नळ्यांचं काम बघून ते चकित झाले आहेत, आणि आता दर रविवारी यायला त्यांना आनंदच वाटेल.

"या की," थोरली म्हणाली. ती दारातून पुढे आली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, गोदामात पोती नसल्याने. "रविवारी ऐकायला या, चुका सांगा. शिकवणी सोमवार ते शनिवार असेल, संध्याकाळी पाचला. मी घेणार आहे. नव्यांची आणि जुन्यांचीही."

टाळी एकही पडली नाही. मागे कुणीतरी खोकलं. "जुन्यांची कशाला?" गवंड्याने विचारलं, पण बारीक आवाजात, कारण त्यालाही शेवटचा सूर आठवत होता.

"ते जुन्यांना माहीत आहे," थोरली म्हणाली.

बँडमास्तरांनी क्षणभर विचार केला आणि मान लववली. "ऐकायला येतो," ते म्हणाले.

घरी जाताना नवरा म्हणाला, "कुणी आलंच नाही तर?"

"तर तुम्हाला शिकवीन."

"मग येतील," तो म्हणाला. "माझा आवाज ऐकण्यापेक्षा स्वतः येतील."

* * *

सोमवारी काढणी नव्हती. वावरं उघडी पडली होती आणि लोकांना हात कुठे ठेवावेत ते सुचत नव्हतं. थोरलीने साडेचारला खोली उघडली, बाकं ओढून गोल मांडली, मोबाईल भिंतीला टेकवून ठेवला. पाच वाजले. सव्वापाच झाले. बाहेर तीन-चार जण झाडाखाली बसलेले तिला दिसत होते. ते खोलीकडे बघत नव्हते, एकमेकांकडेही नाही. कुणीतरी आधी उठावं याची ते वाट बघत होते, आणि उठणारा आपण नसावं याचीही.

तिने दाराकडे पाठ केली आणि खुंटीवरचा एक बाजा काढून पुसायला घेतला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

पावलं वाजली. काका आत आला. त्याने चपला बाहेर काढल्या नाहीत. जमलं नाही तर लगेच निघता यावं म्हणून असेल. मधल्या बाकावर बसला. बासष्ट वर्षांचा माणूस, बाजातला पहिला कॉर्नेट, त्याच्या मागे झाडाखालच्या लोकांच्या माना दारापर्यंत लांबल्या होत्या.

"कुठून सुरू करायचं?" त्याने विचारलं.

"लांब सूर. एकच. पोटातून."

त्याने श्वास घेतला आणि सूर धरला. चांगला, सरळ, भरदार लागला. चार मोजेपर्यंत टिकला. पाचला ओठ सैल पडले आणि सूर हळूच खाली उतरू लागला, जिथे तो एकतीस वर्षं राहिला होता.

थोरलीने काट्याकडे बघितलं नाही. तिला गरज नव्हती. काकाच्या डोळ्यांत बघून ती म्हणाली, "पडला. परत."

काकाने कॉर्नेट खाली घेतला. त्याला परत म्हणणारं माणूस गेली वीस वर्षं या खोलीत नव्हतं. दारातल्या माना स्थिर झाल्या. काकाने तिच्याकडे बघितलं. मग पाय वाकवून एकेक चप्पल काढली, बाकाखाली सरकवली, ओठ जिभेने ओले केले आणि परत फुंकलं.